पोटॅशियम जास्त, कॅल्शियम कमी: दोष नमुन्याचा असेल का?

प्रश्न: एका रुग्णाच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) पोटॅशियम ८.९ आणि कॅल्शियम फारच कमी आले आहे. मात्र रुग्णाला काहीही त्रास नाही आणि सीरमला रक्तपेशी फुटल्याची लाल छटाही नाही. हा अहवाल द्यावा का?

उत्तर १: कृपया देऊ नका, डॉक्टरांना लगेच कळवून नव्याने रक्त मागवा. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो आणि तो कॅल्शियमला बांधून ठेवतो, त्यामुळे त्या नळीतले थोडे रक्त सीरमच्या नळीत गेले तरी नेमके असेच आकडे येतात. सीरमची नळी नेहमी जांभळ्या नळीच्या आधी भरावी.

उत्तर २: एका नळीतले रक्त दुसरीत ओतणे मला फार धोक्याचे वाटते, कारण शिंतोड्यांतून संसर्गही होऊ शकतो.

प्रश्नकर्ता: चौकशी केली, रक्त ओतलेच होते. नव्या नमुन्यात पोटॅशियम ४.२ आले.