शब्दचर्चा: ‘बारा कोयते गेले’ म्हणजे काय गेलं?

मी आठवी-नववीच्या मुलांसाठी एक मोठी गोष्ट लिहितेय, बीड जिल्ह्यातली. त्यात वाक्य आहे, ‘दसरा झाला आन् वस्तीवरचे बारा कोयते कारखान्याला गेले.’ पुण्यातल्या मैत्रिणीच्या मुलाला वाचून दाखवलं तर म्हणाला, मावशी, कोयते कसे जातील? त्याला कोयता माहितीय तो बातम्यांतल्या कोयता गँगचा. मैत्रीण म्हणाली, सरळ ‘ऊसतोड मजूर’ लिही ना. मला ते अजिबात पटत नाहीये.

आमच्याकडे एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. बारा कोयते म्हणजे चोवीस माणसं, आणि एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. टोळी नेणारा मुकादम उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे, ती कोयत्यावर. म्हणजे बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढते आणि हिशोबात मात्र ती वेगळी नसतेच. माझ्या गोष्टीतली मुलगी नववीत आहे, भाऊ अर्धा कोयता. रात्री घरात बोलणं चाललंय की यंदा याचा कोयता पुरा करून टाकू, आणि नाव निघतं हिच्याच बाकावरच्या मैत्रिणीचं. ही गोधडीत पडून ऐकतेय. आता सांगा, इथं ‘ऊसतोड मजूर’ कुठं बसवू?

उत्तर: ताई, मी रत्नागिरीकडचा. आमच्यात कमरेला आकडी न् आकडीत कोयती, त्यामुळे मी पण हत्यारच समजलो. शब्द ठेवाच, पण खाली तळटीप द्या की. फड, कोपी हे पण येत असेल ना? आमच्या पोरांना फड म्हणजे तमाशाचा नाहीतर कुस्तीचा.

माझं उत्तर: दादा, तळटीप आली की पोरगं गोष्टीतून बाहेर पडतं, धड्यासारखं वाचायला लागतं. मी एक वाक्य आधी घातलंय, मुकादम वहीत लिहितो, ‘कोयता एक, नावं दोन.’ तेवढ्यात कळतं. फड म्हणजे तोडायला घेतलेलं उसाचं रान, ते पोरं उसात शिरली की आपोआप समजतं. कोपी पण तशीच, बांबू न् चटईची, वाकून आत जावं लागतं, मग ती वाकते एवढंच लिहायचं. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, तो जनावरांना विकून तेल-मिठाचे पैसे निघतात.

आणि मला खरंच लागतं ते हे, की कुमारांच्या पुस्तकात गाव म्हटलं की मामाचं गाव, सुट्टी, विहिरीत उड्या, कैऱ्या. तिथं कुणीतरी शहरातून येतं आणि बघून जातं. माझ्या वर्गातली पोरं सहा महिने गावातच नसतात हो, दिवाळीनंतर हजेरी घेताना अर्ध्या नावांना उत्तर येत नाही, काहीजण हंगामी वसतिगृहात जेवण मिळतं म्हणून मागं आजीपाशी राहतात तेवढेच. त्या पोरांनी पुस्तकात ‘कोयता’ वाचावा आणि त्यांना कुणी अर्थ सांगायला लागू नये, उलट त्यांनीच पुण्याच्या पोराला सांगावा, म्हणून तो शब्द तसाच राहणार.

पाथर्डी, चाळीसगावकडून पण टोळ्या जातात. तिकडं जोडीला कोयताच म्हणतात का दुसरं काही? आणि हंगाम संपला की आमच्यात ‘पट्टा पडला’ म्हणतात, तुमच्याकडं काय म्हणतात ते पण लिहा, शेवटच्या प्रकरणाला तेच नाव द्यायचंय.