जी४१ बोर्डवर ४ जीबीची डीडीआर३ रॅम लावली की डिस्प्लेच येत नाही

निळीशाई:
मंडळी, घरच्या जुन्या डेस्कटॉपची रॅम वाढवायची आहे. तपशील असा:

बोर्ड (मदरबोर्ड) इंटेल जी४१ चिपसेटचा, डीडीआर३ रॅमचे २ स्लॉट. प्रोसेसर कोअर २ डुओ ई७५००. सध्या २ जीबीची एकच पट्टी. विंडोज ७, ३२ बिट. बोर्डच्या पुस्तिकेत 'कमाल ८ जीबी' लिहिलंय, म्हणून ४-४ जीबीच्या दोन नव्या पट्ट्या (डीडीआर३ १६००) आणल्या.

नवी पट्टी एकटी लावली की पंखे फिरतात, लांब बीप थांबून थांबून वाजत राहते, स्क्रीन काळीच. दोन्ही पट्ट्या, दोन्ही स्लॉट, सगळ्या जोड्या करून पाहिल्या. जुन्या २ जीबीसोबत लावली तरी तेच. जुनी एकटी लावली की मशीन लगेच चालू. याच नव्या पट्ट्या शेजारच्या एच६१ बोर्डवर (दुसऱ्या पिढीचा आय३) पूर्ण ८ जीबी दाखवतात. मग बोर्ड खराब म्हणायचा की रॅम?

ओसरी:
आधी सोप्या गोष्टी उरकून घ्या. वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज जाईल. पट्टीचे सोनेरी संपर्क पांढऱ्या खोडरबरने हलके पुसा, रबराचा चुरा झटका. स्लॉटमध्ये धूळ असेल तर ब्रशने काढा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो. पट्टी दोन्ही टोकांनी सारखी दाबा, दोन्ही क्लिपा आपोआप बंद झाल्या पाहिजेत. मग सीआर२०३२ सेल ५ मिनिटं काढून ठेवा, म्हणजे बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डवरच्या प्रोग्रामच्या) जुन्या सेटिंग पुसल्या जातील. तरी नाही झालं तर बायोस अपडेट करून बघा.

टर्मिनल:
खोडरबर आणि सेलपर्यंत सहमत. बायोस अपडेटला मात्र हात लावू नका. जुन्या बोर्डवर अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड हातचा जाईल, आणि इथे त्याचा उपयोग होण्याची शक्यता जवळजवळ नाही.

तुमच्याच वर्णनात उत्तर आहे. पट्ट्या एच६१वर चालतात, म्हणजे त्या चांगल्या. जुनी पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये चालत असेल तर स्लॉटही चांगले. उरतो तो बोर्ड आणि पट्टीचा मेळ. नव्या पट्टीवर काळ्या चिप किती आहेत, एकाच बाजूला की दोन्ही बाजूंना, आणि चिपवर कोणता नंबर छापलाय, ते सांगा.

निळीशाई:
जुनी दोन्ही स्लॉटमध्ये चालते, आत्ताच खात्री केली. नव्या पट्टीवर ८ चिप, एकाच बाजूला. चिपवर 'के४बी४जी०८४६' ने सुरू होणारा नंबर. स्टिकरवर '४ जीबी १आरएक्स८ पीसी३-१२८००यू'.

टर्मिनल:
मग प्रश्न सुटला. नंबरमधला '४जी' म्हणजे एका चिपमध्ये ४ गिगाबिट. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून अशा ८ चिप मिळून ४ जीबी (गिगाबाइट). जी४१ला २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप समजतात.

कारण थेट तारांचं आहे. २ गिगाबिटच्या ८-बिटी (एका वेळी ८ बिट देणाऱ्या) चिपमधल्या साठवणीच्या ओळी निवडायला १५ पत्त्याच्या तारा पुरतात (ए० ते ए१४). ४ गिगाबिटच्या चिपला सोळावी, ए१५, लागते. जी४१च्या मेमरी कंट्रोलरला (रॅम हाताळणाऱ्या भागाला) ती तारच नाही. कोअर २ डुओच्या काळात हा कंट्रोलर प्रोसेसरमध्ये नसून बोर्डवरच्या नॉर्थब्रिजमध्ये, म्हणजे इथे जी४१ चिपमध्येच, असतो, त्यामुळे प्रोसेसर बदलूनही फरक पडणार नाही. बायोस अपडेटने तार उगवत नाही. एच६१वर मात्र कंट्रोलर प्रोसेसरमध्ये आहे आणि त्याला ए१५ आहे, म्हणून तिथे चाललं.

पुस्तिकेतले ८ जीबी खोटे नाहीत. फक्त ४ जीबीची प्रत्येक पट्टी २ गिगाबिटच्या १६ चिपची हवी, दोन्ही बाजूंना ८-८. स्टिकरवर '२आरएक्स८' (८-बिटी चिपचे दोन संच) शोधा.

१६०० हा वेग अडचणीचा नाही. जी४१ अधिकृतपणे १०६६पर्यंतच जातो, वेगवान पट्टी तिथे कमी वेगाने चालते.

सुपारीकातर:
टर्मिनल यांनी नेमकं सांगितलंय. एक भर घालतो, कारण खरेदीत लोक इथेच फसतात: १६ चिप मोजल्या म्हणजे काम झालं असं नाही.

'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या ४ जीबीच्या पट्ट्यांवरही १६ चिप असतात. पण त्या ८-बिटी नसून ४-बिटी असतात आणि इंटेलच्या घरगुती बोर्डांना त्या चालत नाहीत. म्हणून नंबर वाचाच. सॅमसंगच्या चिपवर 'के४बी२जी०८४६' हवं; 'के४बी२जी०४४६' असेल तर ती ४-बिटी. हायनिक्सच्या चिपवर 'एच५टीक्यू२जी८३' हवं, '२जी४३' नको आणि '४जी८३' ही नको. पट्टीवर पत्र्याचं हीटसिंक चिकटवलेलं असेल तर नंबर दिसत नाही. तसली पट्टी परत घेण्याची हमी असेल तरच घ्या.

दुसरा सापळा सर्व्हरमधून काढलेल्या पट्ट्यांचा. स्टिकरवरच्या 'पीसी३' नंबरच्या शेवटी 'यू' ऐवजी 'आर' लिहिलेलं असतं आणि चिपच्या रांगेत मधोमध एक वेगळी चिप दिसते. किंमत मोहात पाडते, पण तुमच्या बोर्डवर ती चालणार नाही.

दुकानात जाताना शक्य असेल तर कॅबिनेटच घेऊन जा आणि लावून बघूनच पैसे द्या. ८ जीबीची गरज नसेल तर अशी एकच पट्टी घ्या. जुन्या २ जीबीसोबत ६ जीबी होतील. पूर्ण ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वाचण्याचा वेग) मिळणार नाही, पण रोजच्या वापरात ते जाणवत नाही.

निळीशाई:
दुकानदाराने पट्ट्या बदलून दिल्या. वापरलेल्या, २आरएक्स८, १६ चिप, के४बी२जी०८४६. दोन्ही लावल्या, पहिल्या झटक्यात डिस्प्ले आला आणि बायोसमध्ये ८१९२ एमबी दिसले! तुम्हा तिघांचेही मनापासून आभार.

पण विंडोजमध्ये '८ जीबी, त्यातली ३.२५ वापरण्याजोगी' असं येतंय. अजून काही चुकतंय का?

टर्मिनल:
हार्डवेअर ठीक आहे. ३२ बिट विंडोज ७ला ४ जीबीच्या वरचा भाग वापरताच येत नाही, आणि त्या ४ जीबीतलाही काही पत्ता ग्राफिक्स आणि इतर उपकरणांसाठी राखीव जातो. ई७५०० हा ६४ बिट प्रोसेसर आहे, त्यामुळे ६४ बिट प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) टाका. ३२ वरून ६४ला अपग्रेड होत नाही, नव्याने इन्स्टॉल करावं लागतं. आधी फोटो-कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि उघडून तपासा.

विंडोज ७ आणि १० दोन्हींचा नेहमीचा आधार संपलेला आहे, आणि विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीला लागणाऱ्या काही आज्ञा (इन्स्ट्रक्शन) या प्रोसेसरमध्ये नाहीत. मशीन इंटरनेटवर वापरायचं असेल तर लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका.

६४ बिट टाकूनही ३.२५च दिसलं तर बायोसमध्ये 'मेमरी रीमॅप' (उपकरणांच्या पत्त्यांमुळे झाकलेली रॅम ४ जीबीच्या वर हलवणारी सेटिंग) चालू आहे का पाहा. विंडोज असेल तर एमएसकॉन्फिग (विंडोजच्या शोधपट्टीत हे नाव टाइप करा), बूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम मेमरी'वर खूण नसावी.

सुपारीकातर:
आणि इन्स्टॉल करायच्या आधी मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करा. पट्ट्या वापरलेल्या आहेत, त्यामुळे ही पायरी गाळू नका. एक खराब बिट नव्या प्रणालीच्या फाइली गुपचूप बिघडवतो. निदान दोन पूर्ण फेऱ्या होऊ द्या, रात्रभर ठेवलंत तर उत्तम. एकही लाल ओळ आली तर एकेक पट्टी वेगळी लावून तपासा, आणि जिच्यात चूक निघेल ती बदलीची मुदत संपायच्या आत परत करा.