'झेर्मिनाल'ला चैत्र म्हणावं का?

फ्रेंच राज्यक्रांतीवरचा एक लेख मराठीत आणतोय, त्यात '१२ झेर्मिनालचा उठाव' आलाय. महिना वसंतातलाच आहे, मग सरळ '१२ चैत्र' केलं तर चालेल का?

— चैत्र नको, प्लीज. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अंकुर, कोंब. १७९३ मध्ये क्रांतिकारकांचं नवं कॅलेंडर आलं तेव्हा ही नावं फाब्र देग्लांतीन या कवी-नाटककाराने बसवली आणि शेवटच्या अक्षरांवरूनच ऋतू कळेल अशी सोय केली, म्हणजे वसंतातले तिन्ही 'आल'वर संपतात, झेर्मिनाल, फ्लोरेआल, प्रेरिआल, आधी कोंब मग फुलं मग कुरणं. चैत्र हे नाव आलंय आकाशातून, पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्रापाशी असतो म्हणून. झेर्मिनाल मातीतून आलाय. संतांची नावं काढून प्रत्येक दिवसाला एखादी वनस्पती दिली, दर पाचव्याला प्राणी आणि दहाव्याला अवजार किंवा शेतीतली वस्तू. त्यामुळे ५ झेर्मिनाल कोंबडीचा, १५ मधमाशीचा, २० मधमाश्यांच्या पेटीचा आणि ३० कलम करायच्या चाकूचा! इतकं शेतकऱ्याच्या जवळचं पंचांग मला तरी दुसरं माहीत नाही.

— पण तारखा जुळतात की. झेर्मिनाल २१-२२ मार्चला सुरू होतो आणि आपल्या राष्ट्रीय सौर कॅलेंडरचा १ चैत्रपण २२ मार्चलाच, लीप वर्षी २१ला.

— जुळणारच, दोन्ही कॅलेंडरं विषुवदिनाला धरून केलीत. फरक असा की त्यांचं वर्ष सप्टेंबरात सुरू व्हायचं, त्यामुळे झेर्मिनाल सातवा महिना, आणि आपल्याकडे चैत्र म्हटलं की वाचकाला पहिला पाडवा आठवणार, तिथेच सगळा घोटाळा होतो. वसंताचं म्हणाल तर खुद्द फाब्रला क्रांतीचा नेता दांतोंबरोबर गिलोटिनवर चढवलं तो दिवस १६ झेर्मिनाल, नव्या कॅलेंडरचं वर्ष २, म्हणजे ५ एप्रिल १७९४, आपणच नाव दिलेल्या महिन्यात गेला बिचारा.

— मग लिहू कसं?

— '१२ झेर्मिनाल, वर्ष ३ (१ एप्रिल १७९५)' असंच लिहा, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'अंकुरांचा महिना' एवढं जोडा. त्या दिवशी पॅरिसची उपाशी माणसं पाव मागत कन्व्हेन्शनच्या, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच संसदेच्या, सभागृहात घुसली होती, ते पुढच्याच वाक्यात येऊ द्या. पुढे प्रेरिआलचा उठाव येईलच, तिथे 'कुरणांचा महिना' करा.