टी-शर्ट 'शाश्वत' कसा असेल?

चाळिशीतला धावक: आमच्या रनिंग ग्रुपच्या यंदाच्या टी-शर्टचं कापड जुन्या प्लास्टिक बाटल्यांचं आहे. पाठीवर 'सस्टेनेबल' या अर्थाने 'शाश्वत टी-शर्ट' छापायचं घाटतंय. वाचून हसू येतं. दुसरा शब्द सुचवा.

बोरूबहाद्दर: हसू येणारच. मूळ संस्कृत 'शश्वत्', म्हणजे सदैव. 'शाश्वत विकास' चालतं, कारण विकास पुढेही होत राहावा असंच तिथे म्हणायचं असतं. कपड्याला लावलं की पंचाईत. पॉलिएस्टर कुजायचं नावच घेत नाही, म्हणजे कचराडेपोतली प्रत्येक जर्सी शाश्वतच की! 'टिकाऊ'ही नको, त्यात "धुवा हवं तेवढं, रंग जाणार नाही" असं दुकानदारच बोलल्यासारखं वाटतं. 'पर्यावरणपूरक' घ्या. गणपतीच्या मूर्तींनी तो शब्द घरोघरी पोचवलाय.

कापडवाली: शाडूची मूर्ती विरघळते हो, हा शर्ट नाही. उलट दर धुण्याला प्लास्टिकचे बारीक तंतू सोडतो, कापड बाटल्यांचं असलं तरी. पूरक कसला? सरळ 'बाटल्यांपासून बनवलेला' लिहा. २०१५च्या वर्ल्ड कपला भारतीय संघाचा किट असाच होता. शर्ट-पँट मिळून सरासरी ३३ बाटल्या, असं तेव्हा नायकीने सांगितलं होतं. बाटल्या धुऊन तुकडे करायचे, वितळवायचे, धागा काढायचा. आणि कृपा करून याला 'पुनर्वापर' म्हणू नका. दादाची जर्सी धाकट्याने घातली तर तो पुनर्वापर. हे पुनर्चक्रीकरण.

बोरूबहाद्दर: त्या जर्सीची पुन्हा जर्सी होते का? नसेल तर चक्र कुठलं?

कापडवाली: क्वचित. स्पँडेक्स, म्हणजे ताणला जाणारा धागा, मिसळलेला असतो, वर छपाई, चेन. वेगळं करणं जिकिरीचं. अर्धचक्र म्हणा हवं तर.

चाळिशीतला धावक: यावरून आठवलं. आईने माझे अकरा मॅरेथॉन टी-शर्ट बोहारणीपुढे टाकले. तिने एक उचलला, चिमटीत चोळला आणि गठ्ठा परत सरकवला. "फरशी पुसायलाबी कामाचं न्हाई, पाणीच धरत न्हाई." ज्या गुणापायी आपण 'ड्रायफिट' म्हणून जास्तीचे पैसे मोजतो, त्याच गुणापायी एक वाटीसुद्धा मिळाली नाही.
असो. 'बाटल्यांपासून बनवलेला' असं ग्रुपवर टाकलंय. पहिला प्रश्न आला, "क्वार्टर की खंबा?"