बेळगावात लायलॅक फुलेल का? रोप आणलंय, पण पानं कडुनिंबासारखी दिसतात

अनगोळची वहिनी

नमस्कार. लेक जर्मनीत असते. मे महिन्यात तिच्याकडं होतो तेव्हा शेजारच्या कुंपणाला लायलॅक फुललं होतं. फिकट जांभळे घोस, आणि संध्याकाळी खिडकी उघडली की वास घरभर. आपल्या फाटकाजवळ असं एक झुडूप असावं, असं तेव्हापासून मनात आहे.

एका ऑनलाइन विक्रेत्याकडून लायलॅक म्हणून रोप मागवलं. हातभर उंच आहे आणि जोमानं वाढतंय. पण पानं कडुनिंबाच्या वळणाची, कडा दातेरी. जागा पूर्वेची आहे, दुपारपर्यंत ऊन, माती तांबडी, वरून विजेची तार जाते. हे इथं फुलेल का? खत काय घालू?

हिंडलगा_बाग

वहिनी, मोठी कुंडी घ्या. निम्मी माती, बाकी शेणखत नि वाळू. डिसेंबरात पाणी तोडून ताण द्या, मग छाटा. आमचा मोगरा असाच भरून येतो. बेळगावची हवा थंडच की, न फुलायला काय झालं?

जांबोटीचा माळी

वहिनी, आधी रोपाचं सांगतो. वर्णनावरून तो बकाणा निंब वाटतो. लायलॅकचं पान एकेकटं असतं, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं, कडा अखंड, आणि फांदीवर समोरासमोर जोडीनं येतं. एका देठावर बारीक दातेरी पानांचा पिसारा असेल तर ते लायलॅक नव्हे. बकाणालाच बाजारात पर्शियन लायलॅक म्हणतात, कारण त्याची फुलंही फिकट जांभळी नि सुवासिक असतात. झाड वाईट नाही. पण ते झुडूप राहत नाही, तीस-चाळीस फूट सहज जातं, आणि तुमच्या डोक्यावर तार आहे. शिवाय त्याची पिवळी फळं विषारी. लहान मुलं खेळतात तिथं ते नको. आपल्याकडं बांधावर प्लायवूडसाठी हेब्बेवू लावतात, त्याचंच हे भावंड. कुणाचा बांध असेल तर तिकडं लावा, चांगलं वाढेल.

आता खऱ्या लायलॅकचं. हिंडलग्याचे आपले मित्र ताण द्या म्हणतात. मोगऱ्याला, लिंबाला ताण चालतो, ते बरोबरच आहे. लायलॅकला ताण नव्हे, थंडी लागते. त्याच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच फांदीच्या टोकाशी तयार होतात. मग पानं गळतात, कळी झोपते, आणि कित्येक आठवडे शून्य ते ७ अंशांच्या आसपास गारठा मिळाल्याशिवाय ती नीट जागी होत नाही. हे झाड मूळचं बाल्कनच्या खडकाळ डोंगरांतलं, तिथल्या हिवाळ्यावर पोसलेलं. सोळाव्या शतकात इस्तंबूलहून व्हिएन्नात गेलं, तिथून युरोपभर पसरलं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या नान्सी गावी व्हिक्टर लमुआन यांनी दुहेरी पाकळ्यांच्या कितीतरी जाती तयार केल्या. त्याही थंडी मागणाऱ्याच.

आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा बहुधा १३ ते १५ अंशांवर येतो, एखादे दिवशी आणखी खाली. आपल्याला स्वेटर लागतो, पण दुपारी ऊन परत तापतं. त्या कळीच्या हिशेबी हा हिवाळाच नव्हे. झाड जगलं तरी विरळ पानं काढत राहील, घोस येणार नाही.

त्यात आपला पाऊस. लायलॅकला निचऱ्याची, जराशी चुनखडीची जमीन मानवते. आपली तांबडी माती आम्लधर्मी, आणि जून ते सप्टेंबर मुळं ओलीच. मुळं कुजायची भीती, आणि दमट हवेत पानांवर भुरी. दक्षिण कॅलिफोर्नियात कमी थंडीवर फुलणारी 'लॅव्हेंडर लेडी' ही जात काढलेली आहे. पण तिथला हिवाळाही आपल्यापेक्षा गार, आणि उन्हाळा कोरडा. आपल्याकडं त्या जातीवरही पैसे घालू नका असंच मी सांगेन. मनापासून सांगतो, रोप आणायचं आणि वर्षानुवर्षं कळीची वाट बघायची, याचा फार त्रास होतो.

अनगोळची वहिनी

दादा, फार बरं झालं सांगितलंत. पान नीट बघितलं, पिसाराच आहे. रोप माहेरी येळ्ळूरच्या बांधावर पाठवते. एकच विचारते. हिवाळ्यात रोज बुंध्याशी बर्फ टाकला तर जमतं, असं एका व्हिडिओत बघितलं. खरं आहे का ते?

जांबोटीचा माळी

नाही वहिनी. थंडी मोजते ती कळी, मूळ नव्हे. बुंध्याशी बर्फ टाकून वरच्या फांदीला काय कळणार? मुळं मात्र उगाच गारठतील.

निवृत्त_मराठा_लाइट

रामराम. नोकरीत काश्मीरला होतो तेव्हा एप्रिलमध्ये श्रीनगरच्या बंगल्यांतून हे झुडूप फुललेलं बघितलंय. बर्फ वितळला की थोड्याच दिवसांत घोस. हिमालयात रानातही त्याचं एक भावंड आहे, दोन-अडीच हजार मीटरच्या वर, फुलं पांढुरकी. वास मात्र बागेतल्या लायलॅकसारखा गोड नाही. वहिनी, लेकीकडं जायला जमलं नाही तर एप्रिलअखेर काश्मीर करा. आणि माळीदादा, वहिनींच्या फाटकाला काय लावायचं ते तुम्हीच सांगा.

जांबोटीचा माळी

सांगतो. तुम्हाला त्या झुडपातलं दोन गोष्टींनी ओढलंय, जांभळा घोस आणि वास. दोन्ही एका झाडात इथं हट्टानं शोधू नका, दोन झाडं लावा.

घोसासाठी क्रेप मर्टल. आपल्या तामणाचं हे धाकटं भावंड. तामण मला स्वतःला फार आवडतो. खानापूरच्या बाजूला ओढ्याकाठी एप्रिल-मेमध्ये फुलतो तेव्हा मी गाडी थांबवून बघतो. पण तो मोठा वृक्ष, तारेखाली नको. क्रेप मर्टल आठ-दहा फुटांत राखता येतं, पाकळ्या चुरगळलेल्या रेशमासारख्या, आणि फिकट जांभळा रंग मागितलात तर नर्सरीत मिळतो. फूल पाहूनच घ्या, नाहीतर गुलाबी गळ्यात येईल. छाटणी जानेवारीअखेर करा. याला फूल नव्या फांदीवर येतं, म्हणून छाटणीनंच घोस वाढतात. लायलॅकचं उलट, ते जुन्या फांदीवर फुलतं, म्हणून तिकडं फूल संपल्या संपल्या छाटतात. लेकीलाही हे कळवा, शेजाऱ्यांना उपयोग होईल.

वासासाठी पारिजातक. लायलॅक, पारिजातक, जाई, मोगरा, सगळी ऑलिव्हच्या कुळातली. म्हणजे तुम्ही लायलॅकचं चुलत घरच दारात आणताय. खिडकीपासून सहा-सात फुटांवर लावा, पावसाळा सरता सरता रात्री वास खिडकीतून आत येईल. त्याला पाणी साचलेलं चालत नाही, तेव्हा आळं उंचावर करा, तळाशी मुरूम घाला.

फाटकाला कमान असेल तर पेट्रियाची वेलही आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये निळसर जांभळे तुरे येतात, लांबून बघितलं तर थेट लायलॅकची आठवण होते. वास नाही. पानं खरखरीत, हात लावताना सांभाळा.

हिंडलगा_बाग

माळीदादा, ताणाचं पटलं. पेट्रियाची फांदी लागते का, की कलमच आणू?

जांबोटीचा माळी

फांदी लागते, पण सावकाश. दाब कलम बरं. पावसाच्या सुरुवातीला वेलीची एक फांदी वाकवून मातीत दाबा, वर दगड ठेवा, दिवाळीपर्यंत मुळं धरते. वहिनी, तुम्ही मात्र खड्डे मेमध्येच काढून उन्हात तापू द्या, आणि पहिले दोन पाऊस झाले की रोपं लावा.