पर्स, हँडबॅग, बटवा: घेताना, वापरताना, दुरुस्त करताना (अनुभव धागा)

आपल्या बोलण्यात खांद्याला लावायची बायकांची बॅग म्हणजे पर्स. पुरुषांच्या खिशातलं ते पाकीट, नाडीने आवळायचा तो बटवा, लांब पट्ट्याची कापडी ती शबनम. 'हँडबॅग' म्हटलं की बऱ्याच दुकानांत आखूड बंदांची, कोपरात अडकवायची बॅग पुढे येते, म्हणून नेमकं काय हवं ते सांगितलेलं बरं. रोजच्या वापरात उपयोगी पडेल असं इथे लिहा.

*

रंग नंतर बघा, आधी बंदाची शिलाई उलटून बघा. चौकोन आणि त्यात फुली अशी टीप असेल तर वजन विभागलं जातं. एकाच रिव्हेटवर (ठोकलेल्या धातूच्या खिळ्यावर) तोललेला बंद भोक मोठं होऊन सुटतो. डबा, लिटरभर पाणी, छत्री एवढ्यातच दोन किलो होतात! खांद्याला लावायची तर बंदाखाली नऊ-दहा इंच मोकळी जागा हवी, नाहीतर हात शिरत नाही.

*

चेन लावली तरी मागून उघडते? बहुतेक वेळा दाते चांगले असतात, रनर (चेनवर सरकणारा भाग) सैल झालेला असतो. चेन पूर्ण उघडा, रनर सुरुवातीच्या टोकाला आणा आणि त्याच्या मागच्या कडा पक्कडीने दोन्ही बाजूंनी सारख्या, अगदी हलक्या दाबा. जोर लावलात तर तो अडकतो किंवा तडकतो. तरीही जमलं नाही तर फक्त रनर बदलून घ्या, सगळी चेन कशाला? जुन्या रनरच्या पाठीवर 3, 5 किंवा 8 असा आकडा असेल तर त्याच मापाचा मागा. नायलॉनच्या चेनला धातूच्या दात्यांचा रनर चालत नाही.

*

रेक्झिनचे पापुद्रे निघू लागले की तेल, व्हॅसलीन काही चोळू नका. त्यावरचा पीयूचा (पॉलीयुरेथेन या प्लॅस्टिकचा) थर दमट हवेत न वापरताही फुटतो, त्यामुळे जपून ठेवलेल्या पर्सचेही पापुद्रे निघतात. चामड्याला मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बुरशी धरते. पर्स गॅलरीत नेऊन बुरशी कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि पर्स सावलीत, वाऱ्यावर ठेवा. कडक उन्हात चामडं ताठ होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, उशीचा जुना अभ्रा उत्तम.

*

पर्स ठेवून देताना आकार टिकावा म्हणून आत भरायला वर्तमानपत्र नको, फिक्या अस्तराला शाई लागते. जुनी ओढणी भरा. आणि किल्ली वाजते पण सापडत नाही तेव्हा आतल्या खिशाचा तळ चाचपा, अस्तर तिथेच उसवतं. अस्तर बाहेर ओढून दुहेरी दोऱ्याने हातानेच टीप घाला.