अभिसारी क्रमिका नसेल, तर बीटा-ओमेगा असलाच पाहिजे का? (एफिमॉव्हचा प्रश्न)

संवृत_संच:
एफिमॉव्हचा १९६९ चा प्रश्न असा: प्रत्येक अनंत कॉम्पॅक्ट हाउसडॉर्फ स्पेसमध्ये एक तर अभिसारी क्रमिका (अर्थात वेगवेगळ्या बिंदूंची) असते, नाहीतर बीटा-ओमेगाची, म्हणजे नैसर्गिक संख्यांच्या स्टोन-चेक कॉम्पॅक्टिफिकेशनची, प्रत असते, हे खरं का? मी असा प्रयत्न केला:

१) स्पेस क मध्ये अभिसारी क्रमिका नाही असं धरू. मग क स्कॅटर्ड (प्रत्येक अरिक्त उपसंचाला एकाकी बिंदू असलेली) नाही, कारण स्कॅटर्ड कॉम्पॅक्ट स्पेस सिक्वेन्शियली कॉम्पॅक्ट असते, म्हणजे तिच्या प्रत्येक क्रमिकेला अभिसारी उपक्रमिका असते. म्हणून क मध्ये एकही एकाकी बिंदू नसलेला बंद उपसंच मिळतो. त्याच्या कुठल्याच बिंदूला गणनीय बेस नाही (असता तर तिथेच क्रमिका सापडली असती). चेक-पॉस्पिशिल प्रमेयानुसार क मध्ये किमान २ चा घात ओमेगा-वन (ओमेगा-वन म्हणजे सर्वात लहान अगणनीय कार्डिनल) इतके बिंदू आहेत.

२) क मधली एक डिस्क्रीट क्रमिका ड घेतली. तिच्या कोणत्याही अनंत उपसंचाला किमान दोन लिमिट बिंदू असतात, म्हणून त्यातून क्लोजर एकमेकांना न छेदणारे दोन अनंत तुकडे निघतात.

३) हेच पुन्हा पुन्हा करून द्विशाखी झाड मिळालं.

एवढी मोठी स्पेस, एवढी फाटाफूट. तरी बीटा-ओमेगा हाती लागत नाही. अडतंय कुठे? आणि हा प्रश्न 'मोठ्या क्यूबवर जाणारं संतत चित्रण' या भाषेतही मांडतात, ते कसं?

घन_उपसंच:
अडतंय दुसऱ्या पायरीत. तुमचे दोन तुकडे मिळून मूळ संच भरत नाहीत, काही बिंदू बाहेर उरतात. ड चं क्लोजर बीटा-ओमेगा व्हायला ड चा *प्रत्येक* उपसंच अ आणि त्याचा पूरक यांची क्लोजर वेगळी हवीत. तुम्ही प्रत्येक संचासाठी एखादी सोयीची फाळणी शोधलीत. हवी आहे ती कोणीही सांगेल ती फाळणी.

चित्रणांच्या भाषेत हा फरक उघड दिसतो. मोठा क्यूब म्हणजे [०,१] च्या कंटिन्युअम (म्हणजे वास्तव संख्यांच्या संचाचा आकार) इतक्या प्रतींचा गुणाकार. दावा: क मध्ये बीटा-ओमेगा असतो, जर आणि तरच क पासून मोठ्या क्यूबवर आच्छादक संतत चित्रण असेल.

बीटा-ओमेगा आहे असं धरा. मोठा क्यूब सेपरेबल आहे (ह्युइट-मार्चेव्स्की-पाँडिचेरी). नैसर्गिक संख्या त्याच्या गणनीय घन संचावर पाठवा, चित्रण बीटा-ओमेगावर वाढवा. प्रतिमा कॉम्पॅक्टही आणि घनही, म्हणजे अख्खा क्यूब. मग एकेक सहनिर्देशक टीट्झच्या विस्तार-प्रमेयाने क भर पसरवा.

उलट बाजू: बीटा-ओमेगाचं वेट (बेसचा किमान आकार) कंटिन्युअम आहे, म्हणून तो मोठ्या क्यूबमध्ये बसतो. प्रत्येक न साठी त्याच्या पूर्वप्रतिमेतला एकच बिंदू निवडा. अ आणि त्याचा पूरक यांची क्लोजर क्यूबमध्ये वेगळी, म्हणून निवडलेल्या बिंदूंचीही क मध्ये वेगळी. झालं. इथे ग्लीसनचं प्रोजेक्टिव्हिटीचं प्रमेय वापरलेलं अनेकदा दिसतं. चुकीचं नाही, पण माशी मारायला तोफ.

आता तुमचं झाड. त्यातून क चा एक बंद उपसंच कँटर संचावर जातो, तिथून गणनीय क्यूबवर, आणि टीट्झने पूर्ण क गणनीय क्यूबवर. गणनीय सहनिर्देशक फुकटात मिळतात. हवेत कंटिन्युअम इतके, आणि ते परस्परांपासून स्वतंत्र.

बिंदूंच्या संख्येवरही भिस्त ठेवू नका. कंटिन्युअम हायपोथेसिस (सीएच, म्हणजे कंटिन्युअम = ओमेगा-वन) धरलं, तर तुमची पहिली पायरी बरोबर बीटा-ओमेगाच्या आकाराइतके बिंदू देते, तरीही बीटा-ओमेगा नसलेली स्पेस बनवता येते.

लिमिट_स्टेज:
ती कशी बनते ते लिहितो. सीएचपेक्षा बळकट असं डायमंड तत्त्व धरू (ते ओमेगा-वनच्या प्रत्येक गणनीय पायरीला असे अंदाज सुचवतं, की ओमेगा-वनचा कोणताही उपसंच अनेक पायऱ्यांना अचूक ओळखला जातो), म्हणजे हिशोब सोपा राहतो.

कँटर संचापासून सुरुवात. लांबी ओमेगा-वन असलेली इन्व्हर्स सिस्टिम बांधायची, म्हणजे स्पेसची अशी साखळी, जिच्यात पुढची प्रत्येक स्पेस आधीच्यांवर आच्छादक संतत चित्रणाने जाते. लिमिट पायरीला इन्व्हर्स लिमिट घ्यायची. गणनीय पायरीपर्यंत प्रत्येक स्पेस मेट्रिक आणि शून्यमितीय राहते. डायमंडने त्या पायरीला एक क्रमिका सुचवली आणि ती बिंदू प कडे जात असली, तर प भोवती क्लोपेन (खुल्या आणि बंद दोन्ही) संचांचा उतरता बेस घ्या. सलग दोन संचांमधला फरक म्हणजे एक कडं. बेस विरळ करून प्रत्येक कड्यात क्रमिकेचा किमान एक बिंदू येईल असं करा. सम कडी एका बाजूला, विषम कडी दुसऱ्या बाजूला, आणि प च्या जागी दोन बिंदू, प्रत्येक बाजूला एक. बाकी कुठलाही बिंदू फोडायचा नाही.

अंतिम स्पेसमध्ये अभिसारी क्रमिका असती, तर तिची छाया एखाद्या पायरीला डायमंडने नेमकी ओळखली असती आणि तिथेच ती दुभंगली असती. फक्त 'सगळ्या क्रमिकांची यादी करू' म्हटलं तर इथे गडबड होते: यादीत घातलेल्या क्रमिकेचे बिंदू तिची पाळी येईपर्यंत स्वतःच फुटलेले असतात, आणि वरची कोणती क्रमिका मारायची हे ठरत नाही.

बीटा-ओमेगा का नाही? एका पायरीला एकच बिंदू, तोही दोनच भागांत, ही अट म्हणजे कॉपेलबर्गची मिनिमल एक्स्टेन्शन. अशा साखळीतून आलेली स्पेस [०,१] च्या ओमेगा-वन प्रतींच्या क्यूबवरसुद्धा जात नाही. डायमंडखाली ओमेगा-वन म्हणजेच कंटिन्युअम, तेव्हा वरच्या दाव्याने विषय संपला. एका पायरीला भरमसाट फोडाफोड केली, तर हे कवच जातं.

संवृत_संच:
दोघांचेही आभार, पहिला भाग पूर्ण पटला. मग सीएच नसताना ओमेगा-वन लांबीवरच थांबलं तर? वेट कंटिन्युअमपेक्षा कमी, म्हणजे बीटा-ओमेगा आपोआप बाद.

लिमिट_स्टेज:
बाद होतो खरा, पण क्रमिका मरत नाहीत. वेट स्प्लिटिंग नंबरपेक्षा (नैसर्गिक संख्यांच्या प्रत्येक अनंत संचाला दोन अनंत भागांत तोडणाऱ्या संचांच्या कुटुंबाचा किमान आकार) कमी असेल, तर कॉम्पॅक्ट स्पेस सिक्वेन्शियली कॉम्पॅक्टच असते. म्हणजे स्प्लिटिंग नंबर ओमेगा-वनपेक्षा मोठा असला की तुमची बांधणी सुरुवातीलाच फसली.

तो ओमेगा-वन असेल आणि शिवाय २ चा घात ओमेगा-वन हा कंटिन्युअमइतकाच असेल, तर फेडोर्चुकची १९७७ ची बांधणी आहे. तीत एका पायरीला एक नव्हे, सगळेच बिंदू फोडतात. अंतिम स्पेसमध्ये कंटिन्युअम इतकेच बिंदू, म्हणून बीटा-ओमेगा मावतच नाही.

साखळी कंटिन्युअमइतकी लांब केली, तर मधल्या स्पेस मेट्रिक राहत नाहीत आणि उतरता गणनीय बेसच नसतो, मग कडी कुठून आणायची? ही अडचण डाऊ आणि शेलाह यांनी २०१३ मध्ये 'बाउंडिंग नंबर = कंटिन्युअम' एवढ्या गृहीतकावर सोडवली (बाउंडिंग नंबर म्हणजे नैसर्गिक संख्यांवरच्या फलनांच्या अशा कुटुंबाचा किमान आकार, ज्यावर कुठलंही एकच फलन अखेरीस मात करत नाही). मार्टिनचं ॲक्झियम (संच सिद्धांतातलं एक जादा गृहीतक) असलं की हे गृहीतक मिळतंच.

घन_उपसंच:
म्हणजे एफिमॉव्हला 'होय' म्हणणारं मॉडेल शोधायचं, तर त्यात बाउंडिंग नंबर कंटिन्युअमपेक्षा लहान हवा. तेवढंही पुरत नाही: रँडम रिअल मॉडेलमध्ये (संच सिद्धांताच्या विश्वात यादृच्छिक वास्तव संख्या घालून मिळणाऱ्या मॉडेलमध्ये) तो लहान असतो, तरी डाऊ आणि फ्रेमलिन यांनी तिथेही प्रतिउदाहरण दिलं आहे. असं 'होय' मॉडेल अजून कोणाला मिळालेलं नाही, आणि निव्वळ झेडएफसीतून (संच सिद्धांताच्या नेहमीच्या ॲक्झियममधून) प्रतिउदाहरणही नाही.

क्रमिकेची लांबी ओमेगा-वन चालणार असेल, तर चित्र बरंच सौम्य आहे. टाइटनेस अगणनीय असलेल्या कॉम्पॅक्ट स्पेसमध्ये (टाइटनेस गणनीय म्हणजे संचाच्या क्लोजरमधला प्रत्येक बिंदू त्याच्या एखाद्या गणनीय उपसंचाच्याच क्लोजरमध्ये असतो) ओमेगा-वन लांबीची अभिसारी क्रमिका असतेच (युहास आणि सेंटमिक्लोशी, १९९२). बीटा-ओमेगाही यात आला. उरतो गणनीय टाइटनेस, आणि प्रॉपर फोर्सिंग ॲक्झियमखाली (मार्टिनच्या ॲक्झियमहून बळकट गृहीतक) तिथे बालोघच्या प्रमेयाने स्पेस सिक्वेन्शियल (बंद नसलेल्या प्रत्येक संचातून बाहेरच्या बिंदूकडे क्रमिका जाणारी) असते, म्हणजे साधीच क्रमिका मिळते. मूळ प्रश्नाला हात घालण्याआधी ही दोन प्रमेयं वाचून घ्या. मुक्त क्रमिकांचं (ज्यांच्या प्रत्येक आरंभीच्या तुकड्याचं आणि उरलेल्या भागाचं क्लोजर वेगळं असतं) तंत्र तिथे स्वच्छ दिसतं.